रस्त्यावरचा कुत्रा घरात रुळताना

दत्तक घेतलेला कुत्रा घरी येतो त्या दिवशी घरात सणाचं वातावरण असतं. शेजारची मुलं दारात गोळा होतात, कुणी बिस्किटाचा पुडा आणतं, कुणी व्हिडिओ काढतं, आजी लांबूनच त्याची चौकशी करतात. आणि तो बिचारा सोफ्यामागे अंग चोरून बसलेला असतो. सारखे ओठ चाटतो, जांभया देतो, मान न हलवता डोळ्यांच्या कडेने सगळ्यांकडे बघतो. झोप आल्यामुळे हे होत नाही, तो घाबरलेला असतो. त्याला पहिले काही दिवस शांतता हवी असते. पाहुणे, फोटो, आंघोळ, नवीन खेळणी हे सगळं पंधरा दिवस लांबणीवर टाकता आलं, तर अर्धं काम झालं म्हणून समजा.

इथे सांगते आहे ती रीत वर्षाच्या पुढच्या देशी कुत्र्यासाठी आहे. आपल्या हैदराबादच्या हिमायतनगर, नारायणगुडा, बरकतपुरा भागात जुने बंगले जाऊन अपार्टमेंट उभी राहिली. घर तिसऱ्या मजल्यावर, खाली वॉचमन, लिफ्ट, आणि फाटकाबाहेर गल्लीतल्या कुत्र्यांची टोळी, अशा जागी त्याला रुळायचं असतं. पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं आणि मोठा कुत्रा मागे राहतो. पण दिवसाचे काही तास घर बंद ठेवावं लागणाऱ्या कुटुंबाला मोठा कुत्राच सोयीचा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा स्वभाव आधी पारखता येतो, दात शिवशिवतात म्हणून चपला फाडायचं त्याचं वय सरलेलं असतं, आणि शी-शू त्याला काही तास रोखून धरता येते.

आणण्याआधी

पहिलं काम घरातल्यांशी बोलायचं. सासू-सासरे, मुलं, घर भाड्याचं असेल तर घरमालक, सगळ्यांचा होकार हवा. 'बघू, नाही जमलं तर सोडून देऊ' ही वाट यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्याच आदेशात, दत्तक दिलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे.

मग अपार्टमेंटच्या असोसिएशनशी बोला. प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असं केंद्राच्या जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तरी नियमाचा कागद नाचवून सुरुवात करू नका. फेब्रुवारी २०२३मध्ये इथून जवळच, अंबरपेटला, चार वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या हल्ल्यात जीव गेला. खालच्या मजल्यावरच्या आईला देशी कुत्रा बघून धडकी भरते, त्यामागे हे आहे. तिला आधीच भेटा. कुत्र्याची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे, तो कायम दोरीवर असेल, हे सांगा आणि लसीचं कार्ड दाखवा. लिफ्टमध्ये ती असेल तेव्हा आम्ही थांबू, हेही सांगा आणि तसंच वागा.

कुत्रा कुठून आणायचा? ज्युबिली हिल्सची ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद ही संस्था १९९२पासून हे काम करते आहे. महापालिकाही अधूनमधून दत्तक मेळावे भरवते. १७ ऑगस्ट २०२५ला बंजारा हिल्सच्या जलगम वेंगळराव पार्कात देशी पिल्लांचा असा मेळावा झाला. कुठूनही आणा, पण एका भेटीत ठरवू नका. वेगवेगळ्या वेळी जाऊन बघा. पिंजऱ्यात गप्प असलेला कुत्रा बाहेर अगदी वेगळा वागू शकतो. कान बघा. एका कानाच्या टोकाला खाच असेल, तर नसबंदी झाल्याची ती खूण. त्याला काय खाऊ घालतात, कितीदा, लहान मुलांशी कसा वागतो, मांजर दिसली की काय करतो, हे सांभाळणाऱ्याला विचारून लिहून घ्या. निघताना एक जुनी सुती चादर त्याच्या जागी ठेवून या. नेताना ती त्याच्याबरोबर घरी येईल आणि अनोळखी घरात तेवढा एक ओळखीचा वास असेल.

घरी फार खरेदी लागत नाही. गळपट्टा, अंगावरचा पट्टा म्हणजे हार्नेस, दोन मजबूत दोऱ्या, पाण्याचं आणि खाण्याचं भांडं, जाड गोधडी. दोन दोऱ्या अशासाठी, की देशी कुत्रा घाबरला की पुढे पळायच्या ऐवजी मागे सरतो, मान खाली घालतो आणि गळपट्ट्यातून डोकं सोडवून घेतो. हे क्षणात होतं. म्हणून एक दोरी गळपट्ट्याला, दुसरी हार्नेसला. पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जातील इतकंच सैल ठेवा. गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी हवा. बाल्कनीच्या ग्रिलच्या फटी बघा, मोठ्या असतील तर जाळी लावून घ्या. त्याची जागा ठरवा. दाराजवळची नको, येण्याजाण्याच्या वाटेवरची नको. पाठीला भिंत आणि समोर मोकळं दिसेल असा कोपरा चांगला.

घरी आणताना

सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा, म्हणजे अंधार पडेपर्यंत त्याला जागा ओळखीची होईल. निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका, नाहीतर गाडीत उलटी होते. दोघं जा, एक गाडी चालवायला, एक मागे त्याच्याजवळ. दुचाकीवर मुळीच आणू नका.

पोचल्यावर आधी आवारात फिरवा, शू करू द्या. मग जिना. इथे घाई केली तर पुढे महिनाभर त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रस्त्यावर वाढलेल्या बऱ्याच कुत्र्यांनी जिना कधी चढलेला नसतो. आपल्या इमारतींच्या पायऱ्या गुळगुळीत ग्रॅनाइटच्या, त्यावर नखं सरकतात. तो पहिल्या पायरीशी चारी पाय फाकवून बसकण मारतो. ओढू नका. तुमचा कुत्रा आटोपशीर असेल आणि अंगाला हात लावू देत असेल, तर त्या दिवशी उचलून न्या. शिकवणी दुसऱ्या दिवसापासून. खालच्या तीन पायऱ्यांवर पोती किंवा पायपुसणी अंथरा. पहिल्या पायरीवर उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवा, दोरी सैल सोडा आणि थांबा. त्याने पुढचे दोन पाय वर ठेवले, तुकडा उचलला आणि परत उतरला, तरी त्या वेळेपुरतं पुरे. चढण्यापेक्षा उतरणं त्याला अवघड जातं, कारण समोर खोली दिसते. उतरताना त्याला भिंतीच्या बाजूने घ्या, कठड्याच्या बाजूला तुम्ही चाला.

लिफ्ट नंतर. तिथे वॉचमन अण्णांची मदत घ्या. त्यांनी दार उघडं धरायचं आणि तुम्ही लिफ्टसमोर उभं राहून खाऊ द्यायचा. मग आत एक पाऊल आणि बाहेर. मग पूर्ण आत आणि बाहेर, दार उघडंच. तो सहज आत जाऊ लागला की दार मिटू द्या आणि एकच मजला जा. आत नेहमी मागच्या कोपऱ्यात उभे राहा, कुत्रा तुमच्यामागे, दाराकडे तोंड तुमचं. दार उघडताच समोर एखादं मूल उभं असतं आणि दचकण्याची वेळ नेमकी तीच असते.

पहिली रात्र, पहिले तीन दिवस

आत आल्यावर पाणी दाखवा, त्याची जागा दाखवा आणि आपापल्या कामाला लागा. टीव्हीचा आवाज कमी. त्याच्यावर वाकू नका, डोळ्यांत डोळे घालून बघू नका, डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. जमिनीवर त्याच्याकडे थोडी पाठ करून बसा, पुस्तक वाचा. तो स्वतः येऊन हुंगेल. हुंगू द्या, हात मात्र स्थिर ठेवा. मुलांना एकच नियम घालून द्या, तो आपल्या जागी असताना त्याला हाक मारायची नाही, हात लावायचा नाही.

आपल्याकडे आल्या आल्या आंघोळ घालायची फार घाई असते. पहिले पंधरा दिवस नको. ओल्या फडक्याने पुसा.

पहिल्या दिवशी तो कदाचित खाणार नाही. भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि उचला, पुढच्या वेळेला पुन्हा ठेवा. पाणी पितो आहे ना, हे मात्र बघा. दोन दिवस झाले तरी तोंड लावलं नाही, किंवा त्याआधीच मलूल दिसला, तर डॉक्टर.

रात्री त्याला वेगळ्या खोलीत कोंडू नका. तुमच्या खोलीत किंवा दाराबाहेर, तुमची चाहूल लागेल असा झोपू द्या. रस्त्यावर तो रात्री जागा असायचा. खालची टोळी भुंकली की तो उठेल, उत्तर देईल. खिडकी लावा, पंखा मोठा करा. 'ये' म्हणून जवळ बोलवा, आला की खाऊ द्या. ओरडलात तर त्याला वाटेल तुम्हीही भुंकता आहात.

शी-शू आणि गल्ली

मातीत वाढलेल्या कुत्र्याला फरशीवर शू करायची सवय नसते, तशी कुणीतरी दोरी धरून शेजारी उभं असतानाही नसते. म्हणून काही कुत्रे पहिला अख्खा दिवस रोखून धरतात. रोज त्याच वेळी, त्याच मातीच्या तुकड्यावर न्या, गप्प उभे राहा, फोन खिशात. झालं की लगेच, तिथेच, शाबासकी आणि खाऊ. घरी येऊन दिलेला खाऊ कशाबद्दल होता हे त्याला कळत नाही. घरात झालीच, तर मुकाट्याने पुसा. तोंड त्यात घासणं ही जुनी रीत क्रूर तर आहेच, शिवाय त्यातून कुत्रा फक्त तुमच्यासमोर शू न करायला शिकतो आणि मग पलंगामागे करतो. फरशी पुसायला फिनाइल नको, तो पंजे चाटतो. पांढऱ्या व्हिनेगरचं पाणी चालतं. बाहेरची शी पिशवीत उचला. शेजाऱ्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर बराच वेळ गेल्यानंतरच बाहेर न्या. हाताची मागची बाजू पाच सेकंद डांबरावर टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात.

गल्लीतली टोळी हा आपल्या भागातला सगळ्यात अवघड भाग. तुमचा कुत्रा त्यांच्या हद्दीत परका आहे. पहिला आठवडा फक्त आवारात फिरवा. तेवढ्यात गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणारी मंडळी कोण, किती वाजता, कुठल्या वळणावर घालतात, हे विचारून घ्या. ती माणसं प्रत्येक कुत्र्याला ओळखतात आणि कुठला भांडखोर आहे हेही सांगतात. खाण्याच्या वेळा टाळून बाहेर पडा. समोरून टोळी आली तर पळू नका, तुमच्या कुत्र्याला कडेवर उचलू नका. तुम्ही मध्ये उभे राहा आणि सावकाश उलट दिशेला वळा. रोज तीच वेळ, तीच वाट ठेवलीत, की काही आठवड्यांत ते नुसते मान वर करून बघतात. दोरी मात्र कधीही सोडायची नाही, अगदी आवारातसुद्धा.

आणखी एक गोष्ट, आपल्या हैदराबादी घरांत विशेष लक्ष ठेवायची. तुम्ही म्हणता 'बस', घरकामाची अम्मा म्हणते 'कूर्चो', मुलं इंग्रजीत काही वेगळंच. चार-पाच शब्द ठरवा, कुठल्याही भाषेतले, आणि ते फ्रिजवर लावून सगळ्यांना सांगा, वॉचमनलाही.

खाणं

पहिला आठवडा तो आधी खात होता तेच द्या, बहुधा भात आणि चिकन. बदल करायचा तर आठवडाभरात थोडं थोडं नवीन मिसळत. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट ऐकत आपण मोठे झालो, आणि कुत्र्याला तूप-पोळी घालणं आपल्याला मायेचं वाटतं. नव्या कुत्र्याच्या पोटाला मात्र ते सोसत नाही. दूधही बहुतेक मोठ्या कुत्र्यांना बाधतं. बिस्किटं नकोत. कांदा-लसूण विषारी, म्हणजे आपली आमटी आणि रस्सा आलाच. द्राक्षं, मनुका, बेदाणे आणि चॉकलेट तर अजिबात नको. हिमायतनगरच्या मुख्य रस्त्यावर खाण्याच्या जागा इतक्या, की फिरताना बिर्याणीचं हाड तोंडात यायला वेळ लागत नाही. शिजलेल्या हाडाचे अणकुचीदार तुकडे होतात आणि आतडं फाडतात. त्याने हाड पकडलं, तर तोंडात हात घालू नका. खिशातला चिकनचा तुकडा समोर टाका, तो हाड सोडेल. घरातही हाच नियम, त्याच्याकडून काही घ्यायचं तर बदल्यात चांगलं काही द्यायचं. तो खात असताना कुणीही जवळ जायचं नाही.

डॉक्टर

तब्येत ठीक दिसत असेल तर पहिल्या आठवड्यात, थोडा स्थिरावल्यावर न्या. नारायणगुड्याला सरकारी सुपर स्पेशालिटी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, आपल्यापासून अगदी जवळ. लसीचे कागद नसतील तर लस झालेलीच नाही असं धरून चाला. रेबीज, मग डिस्टेंपर-पार्व्होची एकत्र लस, जंताचं औषध. रेबीज लसीचं प्रमाणपत्र महापालिकेच्या परवान्यालाही लागतं, तेव्हा तो परवाना लगेच काढून टाका.

गोचीड रोज बघा. कानाच्या आतल्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी. गोचीड ताप आपल्याकडे सर्रास होतो आणि त्याची सुरुवात फसवी असते. कुत्रा खात नाही, झोपून राहतो, आणि घरचे म्हणतात नवीन आहे म्हणून असेल. हिरड्या वर करून बघा. गुलाबी असल्या तर ठीक, फिकट पडल्या असतील, नाकातून रक्त आलं असेल, अंग तापलं असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. वेळेवर औषध मिळालं की बहुतेक कुत्रे बरे होतात.

आणि चावलाच तर? घाबरलेला कुत्रा चावू शकतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. नारायणगुड्याच्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये रेबीजची लस मिळते. कुत्र्याला लस झाली असली तरी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

एकटं राहणं, आणि आवाजाचे दिवस

घरात कुणी ना कुणी असतं म्हणून ही सवय लावायची राहते, आणि मग एका लग्नाला सगळे गेले की शेजारी फोन करतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून सुरू करा. चप्पल घाला, किल्ली उचला, आणि परत बसा. असं अनेकदा केलं की किल्लीचा आवाज त्याला चटका लावत नाही. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग पाच, मग खालच्या दुकानापर्यंत. जाताना निरोपाचा सोहळा नको, आल्यावर मिठ्या नकोत. आत जुना फोन रेकॉर्डिंगला ठेवून जा. तो झोपतो का रडतो ते कळेल. रडत असेल तर वेळ कमी करा आणि मागच्या टप्प्यावर या.

गणपती आणि दिवाळीच्या महिनाभर आधी शक्यतो कुत्रा आणूच नका. विसर्जनाच्या दिवशी मिरवणुका बशीरबाग-लिबर्टीवरून हुसेनसागरकडे जातात आणि त्यांचे ढोल हिमायतनगरच्या आतल्या गल्ल्यांतही छातीत घुमतात. आधीच आणलेला असेल, तर त्या दिवशी दुपारी लवकर फिरवून आणा. मग आतली खोली, पडदे लावलेले, पंखा सुरू, त्याची गोधडी, आणि तुम्ही जवळ. तो पलंगाखाली शिरला तर तिथेच राहू द्या. बाहेरच्या दाराकडे एका माणसाचं लक्ष हवं. दार उघडलं आणि सुटला, असं नेमकं त्या दिवशी होतं.

सुटलाच तर नावाने ओरडत मागे धावू नका. दहाजण शोधायला निघाले की तो आणखी लांब पळतो. ज्याच्यावर त्याचा सगळ्यात विश्वास, त्या एकाने रात्री वर्दळ थांबल्यावर त्याची चादर आणि खाणं घेऊन इमारतीजवळ बसावं. वॉचमन आणि गल्लीतल्या खाऊ घालणाऱ्यांना फोटो आणि नंबर द्या. ज्या संस्थेने दिला तिलाही लगेच कळवा.

कुत्र्यांचं काम करणारे तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. तीन दिवस भीती ओसरायला, तीन आठवडे घरची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. दोन-चार आठवडे गेल्यावर शांत कुत्रा अचानक भुंकायला लागला, चपला पळवू लागला, तर बिघडला म्हणू नका. त्याची भीड चेपली आहे. शिकवायची खरी वेळ ती, कारण आता तो खाऊ घेतो आणि ऐकतो. काही कुत्र्यांना सहा महिने लागतात, भित्र्या कुत्र्याला वर्षही.

आणि खरंच जमलं नाही, घरात कुणी आजारी पडलं, बदली झाली, तर ज्यांनी कुत्रा दिला त्यांना पहिला फोन करा. दुसरं घर मिळेपर्यंत तो तुमच्याकडेच राहू द्या. रात्री गाडीत घालून दुसऱ्या वस्तीत सोडू नका. तिथली टोळी त्याला टिकू देत नाही, आणि घरच्या खाण्यावर राहिलेला कुत्रा रस्त्यावर पोट भरणं विसरलेला असतो.